मेट्रोचं काम कुठवर आलं, हे पिलर मोजून कळतं का? (आकुर्डी–निगडी)

व्हर्नियर

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. एका बोटाने टाइप करतो, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी आकुर्डीत राहतो, जुन्या मुंबई–पुणे रस्त्यापासून दोन मिनिटांवर. एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, आता घरी. सकाळी पावणेसहाला चालायला निघतो. खंडोबा माळ चौक ते टिळक चौक, पाय साथ देत असले तर पुढे भक्ती-शक्तीपर्यंत, आणि परत. आधी हा फेरा डॉक्टरांच्या धाकाने व्हायचा, आता मेट्रोमुळे होतो.

पिंपरी ते फुगेवाडी गाडी ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात जाऊन आलो. स्वारगेटपर्यंतचा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये उघडला, तेव्हा मंडईत उतरून भाजी घेऊन आलो (हिचं म्हणणं, तीच भाजी आकुर्डीत चार रुपये स्वस्त मिळते). पण तो सगळा मार्ग बांधत होते तेव्हा मी कामावर होतो. कंपनीच्या बसच्या खिडकीतून बॅरिकेडचे पत्रे तेवढे दिसायचे. म्हणून पुढचा तुकडा, पिंपरीपासून निगडीपर्यंतचा, पहिल्या खड्ड्यापासून बघायचा असं ठरवलं. साडेचार किलोमीटरच्या आत-बाहेर, चार स्टेशनं: चिंचवड, आकुर्डी, निगडी, भक्ती-शक्ती चौक. भूमिपूजनही ६ मार्चलाच झालं, २०२४ च्या.

एक फुलस्केप वही केली आहे. डावीकडे तारीख, उजवीकडे कुठल्या पिलरचं काय झालं ते. खड्डा, सळई, काँक्रीट, वरची टोपी. बायको म्हणते, आयुष्यभर मस्टरवर सही केलीत, आता पिलरांचं मस्टर भरताय.

घोळ असा झाला. महिन्यापूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं की आपल्या पट्ट्यात सत्तर टक्के पिलर उभे राहिले. सेक्रेटरींनी ते "सत्तर टक्के काम पूर्ण" असं करून पुढे पाठवलं. आता लिफ्टमध्ये भेटेल तो मला तारीख विचारतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तर भाडेकरूला सांगून ठेवलंय की मेट्रो आली की भाडं वाढेल. हे सगळं माझ्या नावावर!

म्हणून जाणकारांना विचारतो. पिलर मोजून काही कळतं का? आमच्या समोर ओळीने पिलर आहेत, मध्येच तीन गायब, पुढे परत ओळ. हे तीन का सोडले? दुसरं म्हणजे, दोन पिलरांच्या मध्ये तो लांबलचक लोखंडी लाँचर येतो आणि काँक्रीटचे ठोकळे खाली लटकवतो. परवा त्या ठोकळ्यांच्या तोंडाला माणसं हाताने काहीतरी फासत होती, श्रीखंडासारखं. त्यावर एवढं वजन राहतं? तिसरं, एक गाळा (दोन पिलरांमधला पुलाचा तुकडा) पूर्ण झाला की पुढच्या गाळ्याशी त्याची फट राहते, बोट जाईल एवढी. माझ्या हाताखालच्या पोराने असं काम आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

---

कट्टेकरी

काका, पिलर मोजून तारीख सांगायची तर चौकात पोपट घेऊन बसा, मी पहिलं पाकीट काढतो. पण त्या वहीच्या एका पानाचा फोटो टाकाच.

---

कर्वे रस्ता

व्हर्नियर काका, तुमच्या सेक्रेटरींना माझ्याकडे पाठवा. माझं कर्वे रस्त्यावर स्टेशनरीचं दुकान आहे. वनाझकडून येणारी मेट्रो माझ्या शटरसमोरून गेली, म्हणजे पहिल्या बॅरिकेडपासून पहिल्या गाडीपर्यंत मी गल्ल्यावर बसून सगळं बघितलंय.

पिलर म्हणजे लग्नाचा मांडव. मांडव उभा राहिला म्हणून कोणी अक्षता टाकत नाही.

आमच्याकडे पिलर आणि वरचा पूल बघता बघता झाला. मीही गिऱ्हाइकांना सांगत सुटलो, आता काय, सहा महिने. मग स्टेशनं सुरू झाली. स्टेशनचा सांगाडा उभा राहिला, छप्पर आलं, आणि जिना काही उतरेना. जिना जिथे उतरायचा तिथे आधीच काहीतरी असतं: फुटपाथ, झाड, डीपी, कोणाच्या तरी दुकानाची पायरी. वनाझ ते गरवारे कॉलेज हा पाच किलोमीटरचा तुकडा मार्च २०२२ ला उघडला. भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं. गरवारेच्या पुढे रुबी हॉलपर्यंत गाडी जायला १ ऑगस्ट २०२३ उजाडला.

वर आमच्या वाट्याला नळस्टॉपचा दुमजली पूल, खाली गाड्या आणि वर मेट्रो. तो व्हायच्या आधी चौकात कोंडी होती. झाल्यावर कोंडी कुठे सरकली यावर मी वेगळा धागा काढीन. आणि लकडी पुलाचं आठवत असेल. मेट्रोचा पूल आडवा आला तर विसर्जनाच्या मिरवणुकीचे रथ खालून कसे जाणार, म्हणून २०२१ मध्ये मंडळांनी आवाज उठवला आणि तिथलं काम थांबलं. गणपतीच्या रथाची उंची कुठल्या ड्रॉइंगमध्ये असते सांगा.

सांगायचं एवढंच की वहीत पिलर लिहा, पण एक पान जिन्यांसाठी ठेवा. दोन वर्षांत धंदा अर्ध्यावर आला होता, तेव्हा मी फक्त जिनाच बघायचो.

---

साइटवरची

व्हर्नियर काका, मी सिव्हिलची. सेगमेंटचे, म्हणजे तुमच्या त्या ठोकळ्यांचे, पूल बांधण्यात सात-आठ वर्षं गेली, त्यातली निम्मी कास्टिंग यार्डात, जिथे ठोकळे ओततात. तुमच्या मार्गावर मी नाही, तेव्हा तिथलं आतलं काही सांगू शकत नाही, पण जे दिसतंय त्याचा अर्थ सांगते.

गायब तीन पिलर आधी घेते. रस्त्याखाली काय काय आहे हे नकाशात असतं तसं जमिनीत नसतं. पाण्याची मोठी लाइन, ड्रेनेज, हाय टेन्शनची केबल, गॅस. पाइल (पिलरखालचा जमिनीत खोल जाणारा खांब) मारायच्या जागी यातलं काही निघालं की आधी ते हलवायचं, आणि हलवायचं काम ज्याची लाइन त्याच्या परवानगीने. तोवर मशीन उभं ठेवणं परवडत नाही, म्हणून रिग पुढच्या पिलरवर जातं. उद्या फिरायला जाल तेव्हा बघा: त्या तीन जागांच्या आसपास अरुंद, आडवा, हाताने खणलेला चर आहे का? त्याला आम्ही ट्रायल पिट म्हणतो, खाली काय आहे ते चाचपायला खणतात. कडेला नवे पाइप रचून ठेवले असतील तर समजा, लाइन वळवायचं ठरलंय. पाइप नसतील तर अजून पत्रव्यवहार चालू आहे.

आता तुमचं श्रीखंड. ते इपॉक्सी आहे, दोन डबे एकत्र कालवून लावतात. पण वजन ते पेलत नाही. त्याचं काम सांधा भरून काढायचं, पाणी आत जाऊ द्यायचं नाही आणि दोन्ही तोंडं सगळीकडे सारखी टेकवायची. पेलतात त्या तारा. ठोकळ्यांच्या आतून नळ्या गेलेल्या असतात, त्यांतून सात पदरी पोलादी तारांचे जुडगे ओवतात आणि टोकाला जॅक लावून ओढतात. तीस मीटरच्या गाळ्यात ती तार जवळजवळ वीस सेंटिमीटर ताणली जाते. किती ताणली ते पट्टीने मोजून रजिस्टरला लिहावं लागतं, हिशेबाशी जुळलं नाही तर काम थांबतं. तारांनी दहा-अकरा ठोकळे असे आवळले की लाँचर सोडतो आणि गाळा पिलरवर बसतो. नंतर नळ्यांत सिमेंटचं ग्राउट भरतात. लाँचर पुढे सरकला म्हणजे त्या गाळ्याचं ताणणं झालं असं समजायला हरकत नाही. वहीत ते लिहा, पिलरपेक्षा तो आकडा बोलका आहे.

ठोकळे एकमेकांना बसतात कसे, हे तुम्हाला आवडेल. दुसरा ठोकळा ओतताना पहिल्यालाच साचा म्हणून लावतात. म्हणजे दुसऱ्याचं तोंड पहिल्याच्या तोंडावरच घडतं. तिसरा दुसऱ्यावर, असं शेवटपर्यंत. त्यामुळे प्रत्येकाची जागा ठरलेली, पाचव्याच्या जागी सहावा चालत नाही. रंगाने नंबर टाकलेला असतो, नीट बघितलंत तर खालून दिसेल. पिलरवर टेकणारे दोन टोकाचे ठोकळे वेगळे, आतून जास्त भरीव.

आणि फट! ती परत पाठवू नका काका. तीस मीटर काँक्रीट हिवाळ्यातल्या पहाटे आणि उन्हाळ्यातल्या दुपारी एकाच लांबीचं नसतं. तीस अंशांचा फरक धरला तर साधारण एक सेंटिमीटर. शिवाय गाडी ब्रेक मारते तेव्हा हलायला जागा हवी. गाळ्याचं एक टोक बेअरिंगवर धरून ठेवलेलं असतं, दुसरं सरकतं. ती फट नंतर सांध्याच्या पट्टीने झाकतात.

पिलर मोजून तारीख काढू नका, हे कर्वे रस्ता म्हणतात ते खरं. मी स्वतः हे बघते: सलग किती गाळे झाले. वीस पिलर आणि मध्ये तीन नाहीत म्हणजे लाँचर तिथे येऊन अडणार. त्याला खोलून, उतरवून, पलीकडे परत चढवायचं म्हणजे आठवडे जातात. तुमचे ते तीन पिलर अख्ख्या पट्ट्याची तारीख खिशात घेऊन बसलेत.

एक विनंती. लाँचरखाली उभे राहू नका, वॉर्डन नसला तरी. वजन वर असताना आम्हीही खालून जात नाही.

---

व्हर्नियर

साइटवरची ताई, रात्री तुमचं उत्तर तीनदा वाचलं आणि हिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, झोपा आता.

ठोकळ्यावर ठोकळा घडवायचा, हे वाचून बसल्या जागी हसू आलं. आमच्याकडे सरफेस प्लेटला निळा रंग लावून जॉब त्यावर फिरवायचा, जिथे रंग लागला तो उंचवटा, तेवढा स्क्रेपरने खरवडायचा, परत फिरवायचा. दोन तोंडं जुळेपर्यंत दिवस दिवस हेच. तुम्ही तेच चाळीस टनांच्या मालावर करता आणि खरवडत बसत नाही. आमच्या फोरमनला हे दाखवायला हवं होतं. तो म्हणायचा, काँक्रीटवाल्यांचा आणि आपला काय संबंध, त्यांचं माप फुटात.

आज सकाळी नंबर बघितले. आहेत! पिवळ्या रंगात, एक तर उलटा दिसतोय. चष्म्याच्या दोन काचांमधून अर्धा तास मान वर करून उभा होतो. वॉर्डनने विचारलं, काय पडलं का आजोबा? मी म्हटलं, नाही, नंबर शोधतोय. त्याने मला घड्याळ दाखवलं आणि चहा पाजला. औरंगाबादकडचा पोरगा आहे, रात्रपाळी करतो. त्याला विचारलं तो तिथे कधीपासून आहे, म्हणाला पालखीच्या आधीपासून.

पालखीवरून आठवलं. तुकोबांची पालखी देहूहून निघते ती निगडीवरून आमच्याकडे येते, आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम. त्या दोन दिवसांत बॅरिकेड आत ओढले, खड्डे पत्र्यांनी झाकले, क्रेन बाजूला. एरवी खांबाला वळसा घालून चालणारे आम्ही, त्या दिवशी वारकऱ्यांबरोबर रस्त्याच्या मधून चाललो. एका दिंडीने अर्धवट पिलरच्या सावलीत विसावा घेतला होता, सळया वर आकाशात, खाली टाळ. वहीत त्या तारखेला मी फक्त "काम बंद" लिहिलंय. आता वाटतं अजून लिहायला हवं होतं.

तीन पिलरांजवळ एक चर दिसला. अरुंद, आडवा, तुम्ही म्हणालात तसाच. पाइप दिसले नाहीत.

---

पॅरामॅटाकर

काका, मी सिडनीला असतो, पॅरामॅटाजवळ हॅरिस पार्कला. इथे संध्याकाळी वडापावच्या रांगेत मराठीच जास्त ऐकू येतं.

आमच्याकडे मेट्रो नाही, लाइट रेल, म्हणजे ट्राम. रस्त्यातूनच पळते. वेस्टमीड ते कार्लिंगफर्ड, बारा किलोमीटर, सोळा थांबे. कार्लिंगफर्डला एक जुनी छोटी रेल्वे होती, ती जानेवारी २०२० मध्ये बंद केली आणि तिच्याच वाटेवर ट्रामचे रूळ टाकले. सुरू झाली २० डिसेंबर २०२४ ला. मी चार वर्षं रोज बघत होतो, तुमच्यासारखी वही मात्र सुचली नाही.

जमिनीवरून जाणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळं. पिलर नाहीत म्हणून लोकांना वाटतं सोपं. पण रूळ ज्या पट्ट्यात येणार त्याच्याखालचं सगळं आधी हलवायचं, कारण उद्या पाइप फुटला तर गाडी थांबवून रस्ता खणता येत नाही. तुमचं ते तीन पिलरांचं प्रकरण, ते आमच्याकडे अख्ख्या रस्त्याचं. चर्च स्ट्रीट म्हणून हॉटेलांची गल्ली आहे, तिथले लोक अगदी कर्वे रस्तावाल्या दादांसारखं बोलायचे. नाताळच्या हंगामात तिथलं काम थांबवून पत्रे मागे घ्यायचे, पालखीला तुमच्याकडे घेतात तसेच.

त्या गल्लीत ट्रामच्या वर तारही नाही, तेवढ्या भागात गाडी बॅटरीवर चालते. तार नको म्हणून ते बरं दिसतं, पण सुरुवातीला मला वाटायचं तार लावायची राहिलीच आहे. शेजाऱ्यालाही तसंच सांगितलं होतं. तेव्हा सेक्रेटरींना फार बोलू नका.

एक खूण सांगतो. नाशिकहून आई आली होती, तेव्हा ट्राम रिकाम्याच पळत होत्या. ती बाल्कनीतून रोज बघायची आणि विचारायची, एवढी चकचकीत गाडी, लोकांना का बसू देत नाहीत रे? तिचा व्हिसा संपला, ती परत गेली, तरी गाड्या रिकाम्याच. रिकामी गाडी दिसली की तारीख आली असं धरू नका.

---

साइटवरची

पॅरामॅटाकर, तुमच्या आईंचा प्रश्न एकदम बरोबर. इथेही तसंच आहे. पूल झाल्यावर रुळांखालची काँक्रीटची पट्टी, मग रूळ, मग वरच्या तारेचे खांब, सिग्नल, मग रिकाम्या गाड्या, आणि शेवटी मेट्रो रेल सुरक्षा आयुक्त येऊन तपासणार. त्यांचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही बसवता येत नाही.

पण काका, तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. तुमचा तुकडा चालू मार्गाचं शेपूट आहे. गाड्या आहेत, रेंजहिल्सचा डेपो आहे, चालवणारे आहेत. पहिल्या वेळी तसं नव्हतं. पिंपरीच्या बाजूला पहिली चाचणी घेतली तेव्हा पुण्याच्या स्वतःच्या गाड्याच आल्या नव्हत्या, नागपूर मेट्रोचे डबे आणून चालवले होते. तुमच्याकडे रूळ जोडले की गाडी पिंपरीहून सरळ पुढे येईल.

चर दिसला, पाइप नाहीत. म्हणजे अजून कागदावर आहे.

---

कट्टेकरी

वहीचा फोटो अजून आलेला नाही.

---

व्हर्नियर

मंडळी, सहा आठवड्यांनी येतोय. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डावा डोळा. डॉक्टर म्हणाले आठवडाभर धूळ टाळा. मी म्हटलं, जुन्या हायवेवर?

बाकी खबर. सोसायटीच्या ग्रुपवर मी दुरुस्ती टाकली: सत्तर टक्के पिलर म्हणजे सत्तर टक्के काम नव्हे, सलग गाळे नऊ, जिने शून्य. दोघांनी अंगठा दाखवला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हल्ली लिफ्टमध्ये भेटल्या की फक्त हवामानाबद्दल बोलतात. भाडं मात्र वाढवलंय असं ऐकतो.

वहीचे रकाने नवे आखले. पिलर, टोपी, गाळा, लाँचर कुठे, पट्टी, जिना. जिन्याच्या रकान्यात आकुर्डीसमोर एक शेंगदाणेवाला बसतो त्याचं नाव लिहून ठेवलंय, कारण माझा अंदाज आहे की जिना तिथेच उतरणार. त्याला सांगितलं. तो म्हणाला, उतरू दे, गिऱ्हाईक वाढेल.

उजव्या डोळ्याने बघायचो तेव्हा फट बोटभर वाटायची. परवा नव्या डोळ्याने पाहिली तर चांगली दोन बोटं दिसली. दुपारी दीड वाजता, ऊन मी म्हणत असताना परत जाऊन बघून आलो, कमी झाली का ते. खालून कळत नाही. ताई, हे मोजायची काही सोय असते का वरती, की नुसता हिशेब?

आणि काल सकाळी त्या तीन पिलरांच्या कडेला पाइप उतरवले होते. निळे, माझ्या कमरेएवढे. मोजले, सव्वीस आहेत. वॉर्डन पोरगा म्हणाला, आजोबा, रात्री दोन वाजता ट्रक आला, तुम्हाला उठवायला येणार होतो.

कट्टेकरी, फोटो टाकायला नातवाला बसवलंय. त्याला अक्षर लागत नाहीये.